स्नायू ओढतात, ढकलत नाहीत

मुलांनो, डाव्या हाताने उजवा दंड पुढून धरा. आता उजवी मूठ खांद्याकडे आणा. हाताखाली काहीतरी फुगून कडक झाले ना? तो स्नायू. आपल्या शरीरात असे सहाशेहून जास्त स्नायू आहेत.

स्नायूला एकच काम येते, आखडायचे. तो आखडला की आखूड होतो आणि ज्या हाडाला जोडलेला आहे ते हाड ओढतो. ढकलणे त्याला जमत नाही. म्हणून स्नायू जोडीने काम करतात. दंडाचा पुढचा स्नायू हात वाकवतो, मागचा सरळ करतो. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल पडतो. हाडाशी त्याला बांधणारी चिवट दोरी असते. टाचेच्या वर मागे बोट लावून बघा, अशीच एक दोरी लागेल.

हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने हलतात. पोटा-आतड्यांचे न सांगता काम करतात. हृदय हाही स्नायूच. तो आपण झोपलो तरी थांबत नाही.

या सगळ्यांना जेवणातून ताकद आणि श्वासातून प्राणवायू लागतो. दोन्ही पोचवते रक्त. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की प्राणवायू कमी पोचतो. मग जिना चढताना धाप लागते, पाय जड होतात, खेळावेसे वाटत नाही.

आई-बाबांनो, वस्तीत फिरताना "आमची पोरगी आळशीच आहे" असे आम्ही नेहमी ऐकतो. तिला बोल लावण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलींचे तर नक्कीच. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी आणि 10 ते 19 वर्षांच्यांना निळी गोळी आठवड्यातून एकदा शाळेत किंवा अंगणवाडीत मोफत मिळते. ती जेवणानंतर पाण्यासोबत घ्यायची, चहासोबत नाही. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका.

ताटात डाळ, मटकी, पालेभाजी असू द्या, वर लिंबू पिळा. जमेल तेव्हा अंडे, मासे, कलेजी द्या. जेवणाला लागून चहा नको.

मुलांनो, थकवा लपवू नका. घरी सांगा. थकणे हा गुन्हा नाही.