पावाचा संस्कार आणि ग्रहणीचा रुग्ण

ग्रहणीदोषाच्या रुग्णास पथ्य सांगताना 'मैदा बंद, पाव बंद' असे आपण सहज सांगून जातो. याउलट कित्येक घरांत आजाऱ्यास हलका आहार म्हणून दूध-पाव किंवा चहा-टोस्ट दिला जातो. दोन्ही ठिकाणी विचार होतो तो द्रव्याचा. संस्काराचा विचार राहून जातो. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ विशेषायतने सांगितली आहेत. त्यांत प्रकृतीनंतर लगेच 'करण' म्हणजे संस्कार येतो आणि जल, अग्नी, मंथन यांच्याबरोबर कालप्रकर्षही संस्कारातच गणला आहे. पावाच्या बाबतीत या कालप्रकर्षाचे महत्त्व अलीकडील अभ्यासांतूनही पुढे आले आहे.

निर्मितीतील फरक

पारंपरिक पद्धतीत मळलेले पीठ कित्येक तास आंबत ठेवले जाते. १९६१ साली इंग्लंडमधील चोर्लीवुड येथील संशोधन संस्थेत नवी पद्धत विकसित झाली. तीत अतिवेगवान यंत्राने पीठ काही मिनिटांत मळतात, यीस्ट अधिक घालतात, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल व घट्ट स्नेह मिसळतात. दीर्घ किण्वन गाळले जाते. पाव फुगतो, परंतु मुरत नाही.

गव्हात फ्रक्टान नावाची शर्करा-साखळी असते. ती तोडणारे पाचकद्रव्य मानवी आतड्यात नाही. त्यामुळे ती तशीच पक्वाशयात उतरते व तेथील जीवाणूंमुळे तिच्यापासून वायू निर्माण होतो. आध्मान, आटोप व शूल या तक्रारींचे हे एक कारण होय. पीठ पुरेसा वेळ आंबल्यास यीस्ट व लॅक्टिक जीवाणू फ्रक्टानचे बरेच विघटन आधीच करतात. जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात या प्रकारच्या शर्करा पीठ भिजवल्यानंतर एका तासाने सर्वाधिक आढळल्या, तर चार तासांहून अधिक वेळानंतर सुमारे १० टक्केच उरल्या.

आसव-अरिष्टे सिद्ध करणाऱ्या औषधनिर्मात्यांना हे तत्त्व नवे नाही. घटक तेच असले, तरी संधानकाल अपुरा राहिल्यास कल्प सिद्ध होत नाही.

पुरावा आणि त्याच्या मर्यादा

रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली चोर्लीवुड पद्धतीचा, यीस्टने दीर्घकाळ आंबवलेला व आंबट खमिराचा असे तीन पाव प्रयोगशाळेत तपासले. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' (आयबीएस) असलेल्या तिघांच्या व निरोगी तिघांच्या मलातील जीवाणूंवर हा प्रयोग झाला. आयबीएस रुग्णांच्या नमुन्यांत खमिराच्या पावापासून १५ तासांनंतर एकूण वायू लक्षणीयरीत्या कमी निघाला. मात्र नमुने फार थोडे होते आणि प्रयोग काचपात्रातील होता, हे विसरू नये. फिनलंडमध्ये २०१७ साली २६ व्यक्तींना प्रत्यक्ष गव्हाचा पाव खाऊ घालून केलेल्या तुलनेत, खमिराच्या व यीस्टच्या पावामुळे होणाऱ्या पोटाच्या तक्रारींत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून 'खमिराचा पाव ग्रहणीत पथ्यकर' असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र रुग्णपरत्वे पारखून पाहण्याजोगा हा मुद्दा निश्चितच आहे.

चिकित्सेत उपयोग

१. सर्वप्रथम सिलिअ‍ॅक व्याधी वगळावी. दीर्घकाळ आंबवलेल्या गव्हाच्या पावातही ग्लुटेन असते. या रुग्णांना तो वर्ज्यच. तसेच गहू सोडल्यानंतर रक्ततपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणून गहू बंद करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

२. सरक्त मल, वजन घटणे, ज्वर, पांडुता, रात्री झोपेतून उठवणारा अतिसार यांपैकी काहीही असल्यास रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे. आतड्याचा व्रणशोथ पाव बदलून शमत नाही.

३. पाव कोणता, किती आणि कशाबरोबर, हे विचारावे. दुधातील शर्कराही काहींना वायू करते. दोष दूध-पावातील दुधाचा असेल, तर पाव सोडून उपयोग नाही. हा संयोगाचा विचार होय.

४. बेकरीवाल्यास पीठ किती तास ठेवतात ते विचारण्यास सांगावे. केवळ आंबट चव हा पुरावा नव्हे. ती आम्ल मिसळूनही आणता येते.

५. एका वेळी एकच बदल करावा, मात्रा कायम ठेवावी व लक्षणांची नोंद ठेवण्यास सांगावे. पित्तप्रधान रुग्णात आंबट खमिराचा पाव विचारपूर्वक द्यावा.

अग्नी मंद असता कोणताही पाव गुरूच. तेव्हा पेया, लाजमंड आणि ग्रहणीत चरकाचार्यांनी गौरविलेले तक्र हाच क्रम योग्य. परंतु अग्नी सावरल्यावर रुग्णाचा गहू आजन्म तोडण्याआधी त्या गव्हावर झालेला संस्कार तपासावा. अकारण लादलेले अपथ्याचे ओझे रुग्णाचे बल क्षीण करते आणि त्याचा आपल्या पथ्यावरील विश्वासही.