दूध बाधणाऱ्या बाळाचा महिन्याचा हिशेब

‘बाळाला दूध बाधतंय, ही खास पावडर सुरू करा,’ असं डॉक्टर सांगतात आणि खर्चाचा अंदाज घरच्यांना येतो तो थेट औषधाच्या दुकानात. तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करू.

४०० ग्रॅमच्या एका डब्यातून साधारण तीन लिटर दूध तयार होतं. पूर्णपणे वरच्या दुधावर असलेलं चार-पाच महिन्यांचं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. म्हणजे डबा चार दिवस जातो. महिन्याला सात ते आठ डबे लागतात. आता भाव पाहा. सोयाच्या पावडरीचा डबा साधारण ६०० ते ८०० रुपयांना पडतो. दुधातली प्रथिनं बारीक फोडलेली पावडर, जिला डॉक्टर एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड म्हणतात, ती १,५०० ते २,२०० रुपयांच्या घरात. आणि ज्यात प्रथिनांऐवजी सुटी अमिनो ॲसिड असतात, ती ४,००० च्या पुढे. महिन्याला अनुक्रमे पाच-सहा हजार, बारा ते सतरा हजार, आणि तीस हजारांवर. शहर आणि कंपनीप्रमाणे भाव खाली-वर होतात, पण प्रमाण असंच राहतं.

दूध बाधणाऱ्या बहुतेक बाळांचं काम मधल्या पावडरीवर भागतं. सर्वांत महागडी लागते ती फार तीव्र त्रास असलेल्या किंवा मधलीही न सोसलेल्या बाळांना. तेव्हा पहिल्याच भेटीत तिचं नाव चिठ्ठीवर आलं तर ‘आधी मधली देऊन पाहता येईल का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. सोया स्वस्त असलं तरी सहा महिन्यांच्या आत देऊ नये, आणि दूध बाधणाऱ्या काही बाळांना तेही बाधतं. डब्यावर नुसतं ‘एचए’ लिहिलेली अर्धवट फोडलेल्या प्रथिनांची पावडर या आजारात उपयोगाची नाही.

सवलतीची वाट पाहू नका. बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात, मोफत नमुने आणि खरेदीची आमिषं यांवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. हा कायदा योग्यच आहे, कारण त्यामुळे आईचं दूध टिकतं. तरीही कोणी निम्म्या किमतीत डबा देत असेल तर मुदतीची तारीख आणि झाकणाचं सील नीट तपासा. पहिल्यांदा एकच डबा घ्या. बारीक फोडलेल्या प्रथिनांची पावडर कडवट लागते, तिला उग्र वास येतो आणि बरीच बाळं पहिले काही दिवस तोंड फिरवतात.

पण यातलं काहीही घेण्याआधी खात्री करून घ्या. माझ्या मते या आजारात सर्वांत जास्त पैसा जातो तो खात्री न करता वर्षभर चालवलेल्या पथ्यात.

दूध दोन तऱ्हांनी बाधतं. एका तऱ्हेत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी धाप लागते. दुसरीत त्रास काही तासांनी किंवा दिवसांनी दिसतो: शीतून रक्त किंवा आव पडणं, सतत जुलाब, वजन न वाढणं, न हटणारा इसब. नुसतं दूध वर काढणं किंवा संध्याकाळी रडणं हे कितीतरी धडधाकट बाळं करतात. तेवढ्यावरून अ‍ॅलर्जीचा शिक्का मारू देऊ नका.

पहिल्या तऱ्हेसाठी त्वचेवरची प्रिक चाचणी किंवा रक्तातली दुधाची आयजीई तपासणी असते. एका पदार्थाची रक्ततपासणी हजार-दीड हजारापर्यंत होते. दोनशे पदार्थांची एकदम यादी देणाऱ्या ‘आयजीजी फूड इंटॉलरन्स’ तपासणीवर मात्र एक रुपयाही घालवू नका. तिच्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही, उलट घाबरून निम्मा स्वयंपाक बंद होतो. दुसऱ्या तऱ्हेला रक्ताची चाचणीच नाही. तिथे दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करायचं, त्रास थांबतो का पाहायचं आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार पुन्हा देऊन पाहायचं. ही शेवटची पायरी बहुतेक घरं गाळतात. बाळ बरं झालं, आता कशाला परीक्षा, असं वाटणं साहजिक आहे. पण दूध पुन्हा सुरू करून त्रास झालाच नाही, तर महिन्याचे पंधरा हजार तिथेच वाचतात. गांधी, सूज किंवा धाप आलेल्या बाळावर हा प्रयोग घरी करायचा नाही. तो रुग्णालयातच.

तपासणीचा खर्च झेपत नसेल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं पिणं तोडू नका. आईनं स्वतःच्या जेवणातून दूध, दही, ताक, पनीर, खवा, लोणी, तूप काढलं की बहुतेक बाळांचा त्रास थांबतो, आणि डब्याचा खर्च उभाच राहत नाही. बाळंतिणीच्या खाण्यातून तूप काढायचं म्हटलं की घरात वाद होतो. ‘तुपात कुठलं आलं दूध?’ हा आजीचा प्रश्न असतो. पण कढवलेल्या तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश उरतो, हे त्यांना शांतपणे सांगावं लागतं. डिंकाचे लाडू वर्षभर थांबले तरी चालतात. अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि गुळात तुपाशिवाय छान वळतात. आईला कॅल्शियम लागेलच. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

‘गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या’ हा सल्ला हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ देशी गाईच्या ए-टू दुधाचा. म्हशीचंही कोणी सुचवतं. या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एक बाधलं की बाकीचीही बहुधा बाधतात. लॅक्टोज-फ्री दुधानंही भागत नाही. त्यातली साखर बदललेली असते, प्रथिनं तशीच असतात.

वर्ष उलटल्यावर ओट, बदाम, सोया यांची पेयं दुकानात खुणावू लागतात. ओट किंवा बदामाचं पेय लिटरला अडीचशे-तीनशेला पडतं आणि त्यात प्रथिनं अगदी थोडी असतात. दुधाची जागा घ्यायची असेल तर साखर न घातलेलं, कॅल्शियम मिसळलेलं सोयाचं पेय बरं आणि स्वस्तही. नारळाचं दूध स्वयंपाकात भरपूर वापरा, पण ते बाळाचं मुख्य पेय नव्हे.

नाचणीवर आपला फार भरवसा असतो, आणि तो बराचसा रास्त आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि किलोचा भाव शंभराच्या आत. पण एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलिग्रॅम लागतं. तीस ग्रॅम पिठाच्या वाटीभर सत्त्वातून शंभरेक मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे नाचणीसोबत तिळाची पूड, राजगिऱ्याची आणि शेवग्याची पालेभाजी, अंडं, मासे, डाळी हे सगळं हवं, आणि तरीही बहुतेक मुलांना कॅल्शियमचं औषध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब लागतात. तीळही काहींना बाधतात, म्हणून पहिल्यांदा चिमूटभरच द्या. उष्टावणाची खीर नारळाच्या दुधात गूळ घालून करता येते. कोकणातल्या घरांना हे सांगायला नको.

दुकानात पाकीट उलटून वाचण्याची सवय लावून घ्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ सापडतात. व्हे, केसिन, सोडियम केसिनेट हीही दुधाचीच नावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दूध असल्याचं अ‍ॅलर्जीच्या सूचनेत वेगळं लिहावं लागतं; ती ओळ बहुधा घटकांच्या यादीखाली असते. तयार बेबी सीरियलच्या डब्यांत बऱ्याचदा दुधाची पावडर असते. बेकरीच्या सुट्या मालावर लेबल नसतं, म्हणून तो टाळलेला बरा. पावभाजीच्या तव्यावर लोणी असतंच.

धाप किंवा सूज येणाऱ्या मुलासाठी अ‍ॅड्रिनलिन हा एकच खरा तातडीचा उपाय आहे. पेनासारखं आयतं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि परदेशातून मागवलं तर हजारोंत जातं. अँप्युल मात्र काही रुपयांत मिळते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांकडून ती कागदावर लिहून घ्या, सिरिंज भरायची कशी ते त्यांच्यासमोर करून दाखवा, आणि तोच कागद पाळणाघरात आणि बालवाडीत द्या. इंजेक्शन दिल्यावर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

बहुतेक मुलांचा हा त्रास शाळेत जाण्याच्या वयापर्यंत जातो. म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी ‘आता देऊन पाहायचं का?’ हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा. उशिरा त्रास होणाऱ्या मुलांना आधी दूध घालून भाजलेलं बिस्कीट, मग केक, पॅनकेक, दही आणि शेवटी साधं दूध अशा पायऱ्यांनी देतात. खूप भाजल्यावर प्रथिनं बाधण्याचा जोर कमी होतो. लगेच त्रास होणाऱ्या मुलाला ही चाचणी रुग्णालयात काही तास ठेवून करावी लागते. त्याचा खर्च आधीच लेखी मागा आणि विमा असेल तर दिवसभरासाठी दाखल होण्याच्या खर्चात ती बसते का, हे कंपनीला विचारूनच तारीख ठरवा.