पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही

प्रश्न: शेजारच्या गृहसंकुलातून आम्हाला ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट मिळतं. उघड्यावरच्या टोमॅटोला ते छान मानवलं. तेच पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीला घातलं, तर पानांच्या कडा करपल्या. खत एकच, मग असं का?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर: खताइतकाच दोष छपराचा आहे. घरोघरच्या ओल्या कचऱ्यात उरलेली आमटी, शिळी भाजी, लोणच्याचा खार असं सगळं येतं. कचरा कुजून निम्म्याहून कमी होतो, पण मीठ काही कुजत नाही. त्यामुळे तयार खतात ते दाटत जातं. उघड्या रानात पावसाळ्याच्या दोन जोरदार सरी हे क्षार मुळांच्या खाली धुऊन नेतात. पॉलिहाऊसमध्ये वरून थेंब नाही आणि ठिबकचं पाणी मोजकं. ते जिथवर ओल पसरेल तिथवर क्षार नेतं आणि कडेला सोडून देतं. वाफ्याच्या कडा निरखून पाहा, पांढरट पापुद्रा धरलेला दिसेल. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्यात आणखी भर.

ढोबळी मिरची मुळात नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता, म्हणजे ईसी, १.५ च्या वर गेली की तिचं उत्पन्न घटू लागतं. टोमॅटो साधारण २.५ पर्यंत तग धरतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची ईसी ४ पर्यंत चालते. ती मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे थेट ताडून पाहू नका. पण पोत्यावर प्रमाणित लिहिलंय म्हणून वाफ्यात हवं तेवढं ओतायला हरकत नाही, हा समज सोडा.

दुसरा संशयित अमोनिया. सकाळी पडदे उघडण्याआधी आत शिरल्यावर नाकाला झोंबतं का? झोंबत असेल तर खत कच्चं आहे. बाहेर हा वायू वाऱ्यावर उडून जातो, आत कोंडतो आणि पानं भाजतो. मूठभर खत ओलं करून पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास यावा, कुबट किंवा उग्र वास आला तर ढीग अजून महिनाभर पालटत ठेवा.

सध्याच्या पिकाला खत थांबवा आणि निचरा चांगला असेल तर गोड्या पाण्याने वाफे एकदा सढळ भिजवा. पुढच्या लागवडीला शेणखताच्या जागी सगळं कंपोस्ट न घालता निम्मंच घाला, तेही रोपं लावण्याआधी दोन-तीन आठवडे. मिरची फळावर आली की मात्र कंपोस्टातल्या पालाशावर भागत नाही, तेव्हा ठिबकमधून शून्य-शून्य-पन्नास द्यावंच लागेल. फक्त तेही क्षारच आहे, त्यामुळे हात आखडता ठेवा आणि आधी ईसी मोजा.