तोंडातील पांढरा थर आणि दंतवैद्याचा आरसा

दातदुखीने हैराण झालेला माणूस दंतवैद्याकडे जातो तो एका दातासाठी. दंतवैद्याच्या हातातील लहानसा आरसा मात्र त्या दातापाशीच थांबत नाही. गालांची आतील बाजू, टाळू, जिभेचा पृष्ठभाग आणि ओठांचे कोपरे हे सर्व त्याच्या नजरेखालून जाते. निदान जावयास हवे. कारण याच भागांत किण्वजन्य संसर्ग, म्हणजे वैद्यकीय भाषेत ज्याला ‘कॅन्डिडायसिस’ असे नाव आहे तो विकार, आपली खूण ठेवीत असतो. रुग्णाला त्याची गंधवार्ताही नसते. असलीच तर ‘उष्णता वाढली’, ‘तोंड आले’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. ‘तोंड येणे’ हा मराठीतील मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे खरा. पण साध्या फोडांपासून कर्करोगाच्या पूर्वावस्थेपर्यंत कितीतरी भिन्न गोष्टी त्याच्या पोटात सामावतात, आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती तेथेच.

तोंडातील जुना रहिवासी

पाव फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्याच दूरच्या नात्यातील ‘कॅन्डिडा अल्बिकन्स’ हे एकपेशीय कवक मनुष्याच्या तोंडात व आतड्यात वस्ती करून असते. निरोगी प्रौढांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या लोकांच्या तोंडात ते आढळते आणि त्यांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही. म्हणून लाळेच्या तपासणीत हे किण्व सापडले, एवढ्यावरून रोग सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष लक्षणे आणि तपासणी यांचा मेळ बसावा लागतो.

या रहिवाशाला मर्यादेत ठेवण्याचे काम तिघे मिळून करतात: वाहती लाळ, तोंडातील इतर सूक्ष्मजंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती. यांपैकी एकही दुबळा झाला की गोल पेशींना लांब तंतू फुटतात व ते श्लेष्मल त्वचेच्या वरच्या थरात शिरतात. हे तंतू ‘कॅन्डिडालायसिन’ नावाचे विष स्रवून पेशींना इजा करतात, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. मुखातील या थरात कवक असते हे मात्र त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी ज्ञात झाले होते. जर्मन शल्यचिकित्सक बर्नहार्ड लांगेनबेक यांनी १८३९ मध्ये विषमज्वराच्या एका रुग्णाच्या बाबतीत त्याचे वर्णन केले. आजचे ‘कॅन्डिडा’ हे नाव डच संशोधिका क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी १९२३ मध्ये दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ शुभ्र असा होतो.

आधीच दुसऱ्या कशाने तरी ग्रासलेल्या शरीरात हा विकार उद्भवतो, म्हणून वैद्यकात त्याला ‘रोग्यांचा रोग’ म्हणण्याची प्रथा आहे. दंतवैद्याच्या दृष्टीने सारे महत्त्व याच गोष्टीला आहे. थर पुसून काढणे हे अर्धे काम झाले. तो का आला, याचा शोध घेणे हे उरलेले अर्धे होय.

पांढरा, तांबडा आणि न पुसला जाणारा

सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके वा पापुद्रे. गॉझच्या तुकड्याने हलकेच पुसले असता ते निघून येतात आणि खाली लालभडक, क्वचित रक्ताळलेली त्वचा दिसते. तान्ह्या मुलांच्या जिभेवरील दुधाची साय आणि हा संसर्ग यांतील फरक याच रीतीने कळतो. दुधाचा थर सहज पुसला जातो व त्याखाली लाली नसते. शिवाय तो जिभेपुरताच असतो. किण्वाचे पापुद्रे गालांवर व टाळूवरही पसरलेले असतात.

पण पांढऱ्या रंगावरच भिस्त ठेवणारा परीक्षक निम्मे रुग्ण हातचे घालवील. प्रतिजैविकांचा दीर्घ उपचार झाल्यावर जीभ तांबडी, गुळगुळीत होऊन तिखटाचा घास असह्य होतो, तेव्हा तेथे पांढरे काहीच नसते. तरीही कारण तेच असते. कवळी वापरणाऱ्यांच्या टाळूवर उमटणारी लाली तर इतकी रेखीव असते की कवळीचा नकाशाच काढला आहे असे वाटावे. ती बहुधा वरच्या कवळीखाली आढळते, कारण टाळूला घट्ट चिकटलेल्या कवळीखाली लाळेचा प्रवाह पोहोचत नाही. विशेष म्हणजे ती बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे कवळी काढून टाळू पाहण्याचे राहून गेले, तर हा विकार वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो.

ओठांचे कोपरे चिरणे हाही याच कुळातील प्रकार होय. कवळीचे दात झिजले की खालचा जबडा वर सरकतो, तोंडाच्या कोपऱ्यांना घड्या पडतात, त्यांत लाळ साचते आणि किण्वाला ओलसर आसरा मिळतो. लोहाची व ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता असल्यास त्यात भर पडते. जंतूंचाही त्यात अनेकदा वाटा असतो, म्हणून नुसते मलम लावून भागत नाही.

महाराष्ट्रातील दंतवैद्याची खरी कसोटी लागते ती पुसला न जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यापाशी. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरण्याची, मशेरी लावण्याची सवय राज्याच्या ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. तथापि त्याने केलेली हानी अनेक तोंडांत आजही वाचता येते. गोळी जेथे ठेवली जाते नेमक्या त्या ठिकाणी जाड, पांढरट, न निघणारा चट्टा उमटतो. त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात व त्यातील काहींचे रूपांतर कर्करोगात होते. किण्वजन्य संसर्गाचाही एक चिवट प्रकार असाच असतो. तो बहुधा ओठांच्या कोपऱ्यालगत गालाच्या आतील बाजूस, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो, पुसला जात नाही आणि त्यातही पेशी बिघडण्याचा धोका असतो. नुसत्या डोळ्यांनी या दोहोंतील भेद सांगणे अनुभवी माणसालाही कठीण जाते.

अशा वेळी ‘बुरशी आहे’ असे सांगून महिनोन्‌महिने लावण्याचे औषध देत राहणे, ही रुग्णाच्या आयुष्याशी केलेली हेळसांड ठरते. तंबाखू थांबवून व कवकविरोधी उपचार देऊन दोन ते तीन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर त्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हाच मार्ग होय. चट्ट्यात लाल भाग मिसळलेला असल्यास, तो कडक लागत असल्यास किंवा तेथे व्रण असल्यास एवढीही वाट पाहू नये. ही तपासणी शासकीय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, म्हणजे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे होते. तुकडा काढल्याने रोग ‘पसरतो’ हा समज निराधार आहे. पण तो इतका रुजलेला आहे की रुग्णाची समजूत घालण्यास तपासणीपेक्षा अधिक वेळ लागतो.

‘बुरशी’ या शब्दाने २०२१ पासून आणखी एक भीती निर्माण केली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण पाहिले. दात अचानक हलू लागणे, टाळू काळा पडणे, चेहऱ्याची एक बाजू सुजणे ही त्याची लक्षणे असत. ते कवक वेगळे व त्याची गतीही वेगळी; तेथे तासांचा हिशेब करावा लागतो. तोंडातील पांढऱ्या थराशी त्याचा संबंध नाही. मात्र अनियंत्रित मधुमेह हे दोघांचेही आवडते क्षेत्र आहे.

विचारावयाचे प्रश्न

चाळिशीतील माणसाच्या तोंडात उघड कारणावाचून असा थर आढळला, तर पहिला विचार मधुमेहाचा करावा. रक्तातील साखर वाढली की लाळेतीलही वाढते, तोंड कोरडे पडते व किण्वाला खाद्य मिळते. आपल्याला मधुमेह आहे हे दंतवैद्याच्या खुर्चीत प्रथमच कळलेले लोक थोडे नाहीत. दम्यासाठी स्टिरॉइडयुक्त फवारा घेणाऱ्याला, त्यानंतर चूळ भरून थुंकण्यास कोणी सांगितले होते का, असे विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते. फवारा बंद करण्याचे कारण नाही. चूळ पुरेशी असते. मानेवर किरणोपचार झालेले, लाळ कमी करणारी औषधे घेणारे व नुकतीच प्रतिजैविके घेतलेले रुग्णही याच पंक्तीत बसतात. तोंडातील फोडांवर दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे मलम लावणाऱ्यांची त्यांत गणना करावयास हवी.

एक प्रश्न अधिक नाजूक आहे. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील ज्या पाच तरुणांच्या आजाराच्या वृत्ताने एड्स या रोगाची पहिली वार्ता जगाला दिली, त्या पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग होता. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. तरुण, एरवी धडधाकट दिसणाऱ्या व्यक्तीच्या तोंडातील असा संसर्ग आजही याच दिशेने बोट दाखवू शकतो. गिळताना छातीत दुखत असल्यास तो अन्ननलिकेपर्यंत गेल्याची शंका घ्यावी लागते. मात्र शंका ही शंकाच असते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक केंद्रीय कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीवाचून ही चाचणी करता येत नाही, निष्कर्ष गुप्त ठेवावा लागतो व त्या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रात ही चाचणी विनामूल्य होते. सोबत आलेल्या नातलगांच्या देखत हा विषय काढणारा दंतवैद्य कितीही कुशल असला तरी रुग्ण पुन्हा त्याच्याकडे येणार नाही, आणि कदाचित चाचणीलाही जाणार नाही.

निदानाची पद्धत साधी आहे. पापुद्र्याचा खरवडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा दहा टक्के द्राव टाकला की इतर पेशी विरघळतात आणि किण्वाचे तंतू व कळ्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. वारंवार उलटणाऱ्या संसर्गात संवर्धन करून जात ओळखणे इष्ट ठरते, कारण कॅन्डिडाच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

औषध आणि त्याची पथ्ये

या विकारावरील पहिले प्रभावी औषध एका राज्य शासनाच्या प्रयोगशाळेतून आले, ही गोष्ट मुद्दाम नमूद करावी अशी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरात मातीतील सूक्ष्मजीव वाढवीत आणि रेचेल ब्राउन या आल्बनी येथे त्यांतून औषधी द्रव्य वेगळे करीत. नमुने टपालाने जात-येत असत. व्हर्जिनियातील एका शेतावरच्या मातीतून त्यांना १९५० मध्ये जे द्रव्य लाभले, त्याला राज्याच्या नावावरून त्यांनी ‘निस्टॅटिन’ असे नाव दिले. स्वामित्वधनाची रक्कम दोघींनीही स्वतः घेतली नाही. ती संशोधनासाठी दिली.

निस्टॅटिन आतड्यातून शोषले जात नाही; ते जेथे लागते तेथेच काम करते. म्हणून त्याचा द्राव चटकन गिळून टाकणे म्हणजे तो वाया घालविणे होय. तो तोंडात सर्वत्र घोळवून काही मिनिटे धरावा लागतो. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या त्याच वेळी केल्यास दोन्ही औषधे परस्परांना निष्प्रभ करतात, यासाठी मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा. क्लोट्रिमाझोलचा लेपही प्रचारात आहे. पसरलेल्या संसर्गासाठी फ्लुकोनाझोल पोटात दिले जाते. पण रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्याला त्याने रक्तस्राव होऊ शकतो व मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर धोकादायक प्रमाणात उतरू शकते. मायकोनाझोलचे जेल नुसते तोंडात लावले तरी वॉर्फरिनच्या बाबतीत हाच धोका असतो. चालू औषधांच्या चिठ्ठ्या दंतवैद्याकडे नेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ती पडावयास हवी.

घरगुती उपायांपैकी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांना हरकत नाही. तान्ह्या मुलाच्या तोंडाला मधातून टाकणखार लावण्याची चाल मात्र सोडून द्यावी. टाकणखार अर्भकाला विषारी ठरू शकतो, आणि वर्षाच्या आतील मुलाला मध देणे हेही वैद्यकीयदृष्ट्या निषिद्ध आहे. बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या स्तनाग्रांवरही त्याच वेळी उपचार करावे लागतात. एरवी संसर्ग एकमेकांकडे फिरत राहतो.

कवळीच्या बाबतीत असाच फेरा पडतो. तिच्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांत किण्वाचा चिकट थर बसतो व टाळूवर कितीही औषध लावले तरी तेथून तो पुन्हा येतो. रोज रात्री कवळी काढून, ब्रशने आतील बाजू घासून, ती स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे. धातूचा भाग असलेली कवळी विरंजक द्रावात ठेवू नये, ती गंजते. झोपेत कवळी तशीच ठेवण्याची सवय अनेक वृद्धांना असते, पुष्कळदा केवळ घरच्यांपुढे बोळके तोंड दिसू नये म्हणून. त्यांना टाळूची लाली आरशात दाखविली की कवळी काढण्यास ते लवकर राजी होतात, असा दंतवैद्यांचा अनुभव आहे.