क्षाराची तीव्रता आणि सामू : क्षारनिर्मितीच्या दृष्टीने विचार

लाल लिटमस निळा झाला, एवढ्या परीक्षेवर प्रतिसारणीय क्षार रुग्णासाठी वापरणे योग्य नव्हे. लिटमस द्रव्याचा आम्लारीधर्म सांगतो, तीव्रता सांगत नाही. शालेय रसायनशास्त्रात ‘क्षार’ हा शब्द लवणासाठी योजतात. येथे तो आम्ही आयुर्वेदीय अर्थानेच घेतला आहे.

तीव्र आम्लारी म्हणजे काय?

पाण्यात ज्याचे जवळजवळ पूर्ण विचरण होऊन हायड्रॉक्साइड आयन मुक्त होतात, तो तीव्र आम्लारी, उदा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावणही आम्लारीधर्मी असते, परंतु त्यापासून हे आयन अल्प प्रमाणात निर्माण होतात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील क्षारपाकविधीत हाच भेद प्रत्ययास येतो. वनस्पतींच्या राखेच्या क्षारोदकात मुख्यत्वे कार्बोनेट असतात. त्यात भाजलेली चुनखडी, शंखनाभी इत्यादींचा प्रतीवाप दिला असता चुना कार्बोनेटशी संयोग पावतो. कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि द्रावणात दाहक हायड्रॉक्साइड उरते. प्रतीवापविरहित क्षार मृदु का, याचे रासायनिक उत्तर येथे मिळते. तीक्ष्ण क्षारातील दंती, चित्रक आदींचे कार्य मात्र सामूच्या अंकात दिसत नाही.

सामूची मोजपट्टी

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएच, म्हणजेच सामू, ही संकल्पना मांडली. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. ही पट्टी लॉगरिथमवर आधारलेली असल्याने एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू १० व १३ यांत हायड्रॉक्साइड आयनांची संहती हजारपट भिन्न असते.

एक लिटर द्रावणात ५.६ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड असल्यास सामू सुमारे १३ येतो, १३.८ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट असूनही तो सुमारे ११.६ च राहतो. सामू संहतीवरही अवलंबून असल्याने प्रत्येक घाण्याचे समान, उदा. १ टक्का, द्रावण करूनच तुलना करावी.

अनुमापनाची जोड

केवळ सामूवरून घटकांचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करावे. फिनॉल्फ्थॅलिन रंगहीन होईपर्यंत लागलेले आम्ल हे त्यापुढे मिथिल ऑरेंजचा रंग पालटेपर्यंत लागलेल्या आम्लाहून अधिक असेल, तर हायड्रॉक्साइड उपस्थित आहे. दोन्ही समान असतील तर केवळ कार्बोनेट आहे, असे समजावे.

साठवण व दक्षता

हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हायड्रॉक्साइडचे पुन्हा कार्बोनेट होते. म्हणून झाकण घट्ट असावे आणि साठवणीनंतर परीक्षा पुन्हा करावी. सुश्रुतांनी लोहपात्र सांगितले आहे, ते युक्तच आहे. ॲल्युमिनियमचे पात्र तीव्र आम्लारीत विरघळते, म्हणून ते कटाक्षाने टाळावे.

तीव्र आम्लारी मेदाचे साबणीकरण करतो व प्रथिने विरघळवतो. त्यामुळे दाह खोलवर जातो. अर्शावर क्षारकर्म केल्यानंतर आम्लद्रव्याने प्रक्षालन करतात, ते नियंत्रित स्थानी. क्षार डोळ्यात उडाल्यास मात्र लिंबाचा रस अथवा कांजी कदापि घालू नये. किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुऊन रुग्णास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

प्रत्येक घाण्याचा सामू, अनुमापनाचे अंक व दिनांक नोंदवहीत लिहावेत आणि त्यांची प्रत क्षारासोबत वैद्यांस द्यावी. शंभर मात्रांचा काळ मोजणाऱ्या वैद्यास हातातील क्षार मृदु की मध्यम, हे ठाऊक असलेच पाहिजे.