कमी प्रदूषणाचे बांधकाम साहित्य : प्रयोगशाळेतून गावाच्या भिंतीपर्यंत

शाळेची खोली, अंगणवाडी, पाण्याची टाकी, समाजमंदिर, घरकुल ही गावाच्या प्रगतीची दृश्य चिन्हे होत. ती उभारताना खर्च किती आला, काम किती दिवसांत पुरे झाले, याचा हिशेब प्रत्येक ग्रामपंचायत ठेवते. परंतु या बांधकामाचा आणखी एक हिशेब असतो. वीट भाजण्यासाठी शेताची किती माती उचलली गेली, किती कोळसा जळाला आणि सिमेंट तयार होताना किती कर्बवायू हवेत मिसळला, हा तो हिशेब होय. तो कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत लिहिला जात नाही; मात्र त्याची किंमत पुढील पिढीला चुकवावी लागते. हा भार हलका करणारे साहित्य शोधणे, ते पारखणे आणि प्रत्यक्ष वापरात आणणे यांसाठी शासनाने आजवर काय केले आणि अजून काय करावयाचे आहे, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडी. आपल्या राज्यात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत तिचे मोठे साठे आहेत. चुनखडी व माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत भाजले म्हणजे जे कठीण खडे तयार होतात, त्यांस क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार होते.

शुद्ध चुनखडी भाजली असता तिच्या १०० किलो वजनातून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कर्बवायू निघून जातो. हा वायू इंधनाचा नव्हे, खुद्द दगडाचा असतो. म्हणून भट्टीतील कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन वापरले तरी एवढा वायू बाहेर पडणारच. त्यात इंधनाच्या धुराची भर पडते. जगात मानवी व्यवहारांतून निर्माण होणाऱ्या एकूण कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. सिमेंटच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात दुसरा आहे आणि आपल्या देशातील फार मोठे बांधकाम अद्याप व्हावयाचे आहे. यास्तव बांधकाम थांबविणे हा उपाय होऊ शकत नाही. प्रत्येक पोत्यातील क्लिंकरचे प्रमाण कमी करणे आणि भाजलेल्या विटेला पर्याय देणे, हे दोन मार्ग उरतात.

राखेने दिलेला धडा

या दिशेने देशाने टाकलेले सर्वांत मोठे पाऊल म्हणजे औष्णिक विद्युत केंद्रांतील राखेचा वापर. दगडी कोळसा जळाल्यावर धुराबरोबर जी बारीक राख उडते, ती चुन्याशी संयोग पावून पाण्यात घट्ट होते. म्हणूनच ती सिमेंटमध्ये मिसळता येते आणि तिच्या विटाही करता येतात. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. दाबयंत्रात घडवून त्यांवर पाणी किंवा वाफ दिली की पुरते.

तंत्र ठाऊक असूनही राख वर्षानुवर्षे तलावांत साठत राहिली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदीप्रमाणे १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निर्माण झाली. तिच्यापैकी दहा टक्केसुद्धा उपयोगात आली नाही. २०२१-२२ मध्ये राखेचे प्रमाण सुमारे २७ कोटी टनांवर गेले, तथापि तिच्यापैकी सुमारे ९६ टक्के राख कोणत्या ना कोणत्या कामी लागली. खोलगट जमिनी व खाणी भरण्यासाठी वापरलेली राखही या आकड्यात धरलेली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही झालेला बदल मोठा आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. १९९४ मध्ये केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने राखेच्या वापरासाठी स्वतंत्र मोहीम हाती घेण्यात आली आणि ठिकठिकाणी प्रात्यक्षिके झाली. १४ सप्टेंबर १९९९ रोजी पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून विद्युत केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिसरातील मातीच्या विटांत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे ही मर्यादा वाढत जाऊन ३०० किलोमीटरपर्यंत आली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई ठरविली. महाराष्ट्र शासनानेही २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण स्वीकारले.

राख साठून राहिली तर काय होते, याचा अनुभव राज्याने घेतला आहे. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात शिरले. भिंतीत बसलेली राख निरुपद्रवी असते, तीच नदीत गेली की संकट ठरते.

सुरखीचा नवा अवतार

राखेला मर्यादा आहेत. जसजशी कोळशावरील वीजनिर्मिती घटेल, तसतशी राखही घटेल. लोखंडाच्या भट्टीतील मळीची स्थितीही तशीच आहे. म्हणून विपुल मिळणाऱ्या पदार्थाचा शोध घेणे अगत्याचे झाले. असा पदार्थ म्हणजे भाजलेली माती.

आपल्या जुन्या गवंड्यांना यात नवल वाटणार नाही. चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. केओलिन जातीची चिकणमाती सुमारे ८०० अंशांपर्यंत भाजली असता तिच्यात चुन्याशी संयोग पावण्याचा गुण येतो. तिच्यासोबत न भाजलेल्या चुनखडीची पूड घातल्यास दोन्ही घटक परस्परांना पूरक ठरतात, असे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधिका कॅरेन स्क्रिव्हनर आणि क्यूबामधील संशोधक फर्नांडो मार्तिरेना यांच्या कार्यातून पुढे आले. या सिमेंटमध्ये साधारणपणे निम्मे क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असते. साध्या सिमेंटच्या तुलनेने त्याचा कर्बवायू ३० ते ४० टक्क्यांनी कमी असतो.

भारतात या कार्यात दिल्ली व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी महत्त्वाचा भाग उचलला, आणि स्वित्झर्लंड शासनाच्या विकास सहकार्य यंत्रणेने त्यास अर्थसाहाय्य दिले. चिनी मातीच्या खाणींत भांड्यांसाठी नापसंत ठरलेली हलकी मातीही येथे चालते; तिच्यात सुमारे ४० टक्के केओलिन असले तरी पुरते. या दृष्टीने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिनी मातीच्या साठ्यांकडे पाहता येईल. दख्खनच्या काळ्या मातीतील चिकण घटक निराळा असल्याने ती मात्र या कामी तितकी उपयोगी पडत नाही.

शासनाचे पाठबळ कोठे लागते

वरील दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. नवे साहित्य शोधून काढणे हा प्रवासाचा आरंभ असतो. त्यापुढे पाच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर शासनाचा हात लागतो.

पहिली पायरी संशोधनाची. खाजगी कारखानदार ज्या प्रयोगाचा लाभ दहा-पंधरा वर्षांनी मिळेल, त्यावर सहसा खर्च करीत नाही. तेथे सार्वजनिक निधी लागतो. २०२५ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सिमेंट कारखान्यांतील कर्बवायू पकडून उपयोगात आणण्यासाठी पाच प्रायोगिक प्रकल्प जाहीर केले. त्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा सहभाग आहे.

दुसरी पायरी मानकाची. प्रमाणित नसलेले साहित्य कोणताही अभियंता वापरणार नाही, आणि त्याचे हे करणे योग्यच होय. भाजलेली माती व चुनखडी यांच्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले. राखमिश्रित सिमेंटसाठी आयएस १४८९ आणि राख-चुन्याच्या विटांसाठी आयएस १२८९४ ही मानके आहेत.

तिसरी पायरी दरसूचीची. मानक असले तरी दरसूचीत बाब नसेल तर अंदाजपत्रक होत नाही, आणि अंदाजपत्रक नसेल तर तांत्रिक मान्यता मिळत नाही. पुष्कळ चांगली साधने याच उंबरठ्यावर अडून राहतात.

चौथी पायरी खात्रीच्या ग्राहकाची. रस्ते, धरणे, शाळा, रुग्णालये बांधणारे शासन हे सिमेंटचे फार मोठे ग्राहक आहे. त्याने मागणी केली तर कारखानदार यंत्रसामग्रीत पैसा गुंतवितो. शासकीय खरेदीतून कमी प्रदूषणाच्या पोलाद व सिमेंटला चालना देण्याच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे नेतृत्व २०२१ पासून भारत व ब्रिटन यांनी संयुक्तपणे स्वीकारले.

पाचवी पायरी कारागिराची. १९८० नंतरच्या दशकात केरळमधील कोल्लम येथे पूरग्रस्तांच्या घरबांधणीतून पहिले निर्मिती केंद्र उभे राहिले. तेथे स्वस्त साहित्य तयार होई आणि गवंड्यांना शिक्षणही मिळे. हा प्रयोग १९८८ पासून देशभर नेण्यात आला. १९९० मध्ये केंद्र शासनाने बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषद स्थापन केली. हात शिकला नाही तर उत्तम साहित्यही बदनाम होते, हा या केंद्रांचा धडा आहे.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

या साखळीचे शेवटचे टोक गावात आहे. २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक विद्युत केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील शासकीय व खाजगी इमारतींच्या बांधकामांत राखेच्या विटा वा तत्सम वस्तू वापरावयाच्या आहेत. अट एवढीच की त्यांचा दर पर्यायी मालापेक्षा अधिक नसावा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, परळी, नाशिक ही केंद्रे नकाशावर पाहिली, तर राज्याचा बहुतेक भाग या कक्षेत येतो. ठराव करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. अंदाजपत्रकातील वीट कोणती व सिमेंट कोणत्या प्रकारचे, हे अभियंत्याकडून आधीच समजून घ्यावे. कामाचा आदेश निघाल्यानंतर बदल करणे अवघड जाते.

२. राखेच्या विटांचा चाचणी अहवाल मागावा. मानकाप्रमाणे साधारण प्रतीच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. कडा ठिसूळ असलेला, पुरेसे पाणी न दिलेला माल परत पाठवावा.

३. राखमिश्रित सिमेंटला बळ सावकाश येते. त्याच्या काँक्रीटवर किमान १० दिवस आणि कोरड्या उष्ण हवेत १४ दिवस ओल टिकविली पाहिजे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असेल तेथे ओले गोणपाट वापरावे अथवा कामाचा हंगाम बदलावा. सातव्या दिवशी पाणी बंद करून नंतर सिमेंटला दोष देणे उचित नव्हे.

४. जवळचे साहित्य आधी पाहावे. कोकणात जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही आणि दूरून आणावाही लागत नाही. तेथे शेकडो किलोमीटरवरून वीट आणल्यास वाहतुकीच्या धुरात लाभ विरून जातो.

५. जितके कमी साहित्य लागेल तितके प्रदूषण कमी. गरजेपेक्षा जाड भिंत आणि गरजेपेक्षा अधिक सिमेंट यांनी इमारत अधिक टिकाऊ होतेच असे नाही.

शिक्षकांनाही यात कार्य आहे. शाळेच्या नव्या खोलीचे काम चालू असताना चुनखडीतून वायू कसा निघतो, राख पाण्यात घट्ट का होते, विटेने शोषलेले पाणी वजनावरून कसे मोजावे, हे पाठ विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतात.

शासनाने मानके दिली आहेत आणि अधिसूचना काढल्या आहेत. सिमेंट कारखान्यांसाठी उत्सर्जनाच्या तीव्रतेची उद्दिष्टेही २०२५ मध्ये नियमांद्वारे निश्चित केली आहेत. परंतु राजपत्रातील अक्षर भिंतीत उतरते ते अंदाजपत्रकाच्या एका ओळीतून आणि गवंड्याच्या हातातून. ती ओळ लिहिणारा अभियंता, ती तपासणारा सदस्य आणि भिंतीवर चौदा दिवस ओल टिकविणारा कारागीर, या तिघांनी आपापले काम चोख केले, तरच प्रयोगशाळेतील श्रम सार्थकी लागतील.