दिशा कळते, अंतर काढावं लागतं

पाणबुडीच्या खेळात पॅसिव्ह सोनार, म्हणजे स्वतः आवाज न सोडता नुसतं ऐकणं, शिकायला बसणाऱ्याला मी आधी एकच बजावतो: पडद्यावर रेघ उमटली म्हणजे जहाज सापडलं असं धरू नका. रेघ फक्त दिशा सांगते. जहाज दोन किलोमीटरवर आहे की वीस, हे तिला विचारून उपयोग नाही.

माझ्या पुतण्याने 'डेंजरस वॉटर्स' या खेळात आवाज मोठा येतोय म्हणून जहाज जवळच आहे असं समजून टॉर्पेडो सोडला. पण लांबचं मालवाहू जहाजसुद्धा जवळच्या दबकत चाललेल्या पाणबुडीपेक्षा कितीतरी जास्त वाजतं. टॉर्पेडोचं इंधन वाटेतच संपलं, आणि त्याच्या आवाजाने आमचा ठावठिकाणा तेवढा शत्रूला कळला.

आमच्या काठी गावापासून समुद्र लांब, पण हा पेच राजवाडी होळीच्या रात्री दरवर्षी कानावर पडतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरून ढोल येत असतात. कुठल्या अंगाला आहेत ते लगेच कळतं, किती लांब ते जागेवर उभं राहून कळत नाही. डोंगराच्या धारेने आडवं चालत गेलं की जवळच्या ढोलाची दिशा भराभर सरकते, लांबच्याची सरकल्यासारखी वाटतही नाही.

पाण्याखाली हेच करायचं. वेग कमी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच पाण्याचा खळखळाट ऐकत बसाल. काही मिनिटं नाकासमोर चाला आणि दर मिनिटाला बेअरिंग, म्हणजे आवाजाची दिशा अंशांत, लिहा. मग वळा, आणि नव्या दिशेने पुन्हा तेच. वळतानाचे आकडे सरळ सोडून द्या.

समजा, आवाज पूर्वेकडून येतोय. तुम्ही ६ नॉटने उत्तरेला जाताना बेअरिंग मिनिटाला २ अंश उजवीकडे सरकलं. वळून तेवढ्याच वेगाने दक्षिणेला निघालात तर ते स्थिर राहिलं. तुमच्या आडव्या वेगातला फरक १२ नॉट, सरकण्यातला फरक २ अंश. १२ भागिले २, गुणिले १७७० (नॉट आणि अंशांवरून मीटर काढायचा आकडा): अंतर अंदाजे साडेदहा किलोमीटर. ही रीत अमेरिकन नौदलातल्या एकेलुंड या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. हे गणित करणारा खलाशी खेळात स्वयंचलित ठेवता येतो. शिकायचं असेल तर त्याला बंद करा. हे मी कळकळीने सांगतो, कारण तयार उत्तर मिळालं की ते चुकलंय हे ओळखायची नजर येतच नाही.

माझगाव गोदीत बांधलेली 'कलवरी' पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्यासारख्या खऱ्या पाणबुडीतही नुसत्या कानावर भिस्त असते तेव्हा अंतर अशा रीतीने काढता येतं.

बेअरिंग हलत नाही आणि आवाज वाढत चाललाय, असं झालं तर टक्कर धरूनच चला. आपल्या शेपटामागे काही ऐकू येत नाही, म्हणून मधूनमधून वळून मागचा कानोसा घ्या. आणि तुम्ही सरळ चालत असताना बेअरिंगची चाल एकाएकी बदलली, तर बहुधा समोरच्याने वळण घेतलंय. जुने आकडे पुसायचे आणि पहिल्या टप्प्यापासून पुन्हा लिहायला घ्यायचे.